अ‍ॅपच्या आडोशाला

पणतवंडाच्या बारशाचा व्हिडिओ काही केल्या आप्पांच्या फोनवर उतरेना. फोनमध्ये जागाच उरली नव्हती. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या तिच्या कंपनीला सुट्टी होती, म्हणून आप्पांची नात सुकेशनी भर दुपारी ओट्यावर त्यांना चिकटून बसली आणि नको ती अ‍ॅप काढू लागली.

“आप्पा, हा पत्त्यांचा खेळ?”

“काढ. लई हरवतंय मला.”

“आणि हे इंग्रजी शिकायचं?”

“ते तर आधी काढ!”

दोघं खो खो हसत होती. एकेक अ‍ॅप गेलं, तसा स्क्रीनवर अ‍ॅपच्या चौकोनांमागं झाकलेला वॉलपेपरचा फोटो मोकळा होऊ लागला. पैठणच्या धरणावर सुकेशनीनंच तो काढला होता. उन्हात एकटेच उभे असलेले आप्पा.

पण आता आप्पांच्या खांद्यावर कुणाची तरी बोटं दिसत होती. आणखी एक अ‍ॅप काढलं, तर मनगट दिसलं, हिरव्या बांगड्या दिसल्या. मग लुगड्याचा पदर. चेहरा तेवढा हवामानाच्या अ‍ॅपखाली राहिला.

“आप्पा, ही कोण?”

“आसंल कुणी. लई दिवसांची हाय,” आप्पा मजेत म्हणाले. “तेवढं अ‍ॅप राहू दे, पोरी. तिला ऊन सोसत नाय.”

ही आप्पांची नेहमीची थट्टा समजून सुकेशनी हसली आणि तिनं हवामानही काढून टाकलं.

आप्पांच्या खांद्यावर आता हात नव्हता. त्या बाईनं तो कपाळाशी आडवा धरला होता, आणि उन्हानं डोळे बारीक करून ती सरळ सुकेशनीकडं बघत होती.