सात गावांत आई नव्हती

एकोणचाळिसाव्या कॅसेटवरही आई नव्हती.

तिने टेपरेकॉर्डर बंद केला आणि वहीत त्या ओळीपुढे फुली मारली. दुपारचे तीन वाजले होते. मावशी पलंगावर बसून आईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कोण निघालं?"

"बहिरा घड्याळजी."

"तो मेला सगळीकडे कडमडतो."

ती हसली. आई गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

आई शाळेत संगीत शिकवायची. घरी मात्र ती गावं वसवायची. मीठगाव, दिव्यांचं बेट, बोगद्यापलीकडचं शहर, अशी सात. प्रत्येक गावाची आपली माणसं, आणि प्रत्येक माणसाची सात सुरांची धून. गोष्टीत शब्द फारसे नसायचेच. नावाड्याची धून मीठगावात सुरू व्हायची आणि बेटावर जाऊन पुरी व्हायची. मधल्या शांततेत नदी असायची. दोघांचे सूर एकमेकांत शिरले की लग्न, एखादा सूर गळाला की भांडण. लहानपणी तिला शेजाऱ्यांपेक्षा ही माणसं जास्त ओळखीची होती.

गावांचा कायदा एकच. तिथे कुणी मरायचं नाही. एका गावात माणूस संपला की त्याची धून शेजारच्या गावात उलटी सुरू व्हायची, शेवटच्या सुरापासून पहिल्याकडे. ती नऊ वर्षांची असताना बाबा गेले. आई आठवडाभर कुणाशी बोलली नाही. मग तिने पियानो उघडला, बाबांची धून उलटी वाजवली, आणि बाबा बेटावर दिवे लावायच्या कामावर रुजू झाले.

"उलटी धून कानाला ओळखू येत नाही," आई तेव्हा म्हणाली होती. "बोटांनाच कळते."

आता आईला पोचवायचं होतं. दुसऱ्या कुणाला हा कायदा नीट ठाऊक नव्हता, म्हणजे काम तिचंच. पण त्यासाठी आईची धून हवी. आईने पाव विकणाऱ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या धुना केल्या होत्या आणि स्वतःची कुठे ठेवली होती कोण जाणे. ती सापडेपर्यंत आई त्या मधल्या शांततेतच ताटकळत उभी आहे, असं तिला वाटायचं. चाळिशी उलटलेल्या बाईने असलं काही वाटून घेऊ नये, हेही तिला कळत होतं.

"तुझीच वाजव की तिच्यासाठी," मावशी म्हणाली. "रोज सकाळी तुला उठवायला वाजवायची ती."

"माझी मला लागेल."

"काहीतरी शुभ बोल."

ती कपाटाचा खालचा कप्पा उपसू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, मी झाले तेव्हा आई काय म्हणाली ते सांग ना."

"शंभर वेळा ऐकलंयस."

"एकशे एक."

मावशीने एका ब्लाउजची बाही सरळ केली. "तुला हातात घेतलं आणि म्हणाली, 'आलीस का एकदाची?' तर नर्स विचारते, 'का हो बाई, हिची बस चुकली होती की काय?'"

दोघी हसल्या. मावशीचं हसू आधी संपलं.

लोकरीच्या कपड्यांखाली पुठ्ठ्याचा एक डबा निघाला. आत एकच कॅसेट. तिच्यावर नाव नव्हतं, नुसतं साल होतं. तिच्या जन्माच्या आदल्या वर्षाचं.

"ती राहू दे," मावशी म्हणाली. "जुनी आहे. अडकेल, तुटेल."

"तुटली तर चिकटवेन."

"सगळंच ऐकायला हवं असं नसतं, बाळा."

तिने बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग आईचा आवाज, तिने कधीच न ऐकलेला, कोवळा आणि खोडकर: "मीठगावात सगळ्यात आधी राहायला कोण आलं?" कुठलंसं लहान मूल खिदळलं. मग सात सूर, सावकाश. मूल पुन्हा खिदळलं. पुन्हा तेच सात सूर.

"मूल कुणाचं गं?"

मावशी खिडकीकडे बघत होती. "असेल कुणाचं तरी. तिच्याकडे सारखी पोरं असायची."

ही धून वहीत नव्हती. एकोणचाळीस कॅसेटींत कुठेच नव्हती. सगळ्यात आधी राहायला आलेली. सगळी गावं जिने वसवली, तिच्याआधी तिथे आणखी कोण येणार?

"सापडली," ती म्हणाली. "मावशी, ही आईची आहे."

मावशीने घडी घातलेला स्वेटर पुन्हा उलगडला.

ती पियानोपाशी जाऊन बसली. आधी धून सरळ वाजवून पाहिली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बोटं बसली. आईला कोणतं गाव द्यायचं हे तिने केव्हाच ठरवलं होतं. दिव्यांचं बेट. तिथे बाबा होते. तिने डोळे मिटले आणि शेवटच्या सुरावर बोट ठेवलं.

सातवा. सहावा. पाचवा.

"नको," मावशी म्हणाली. "अगं, नको वाजवू."

चौथा सूर लागला आणि पुढचे तीन तिला शोधावेच लागले नाहीत. बोटं आपली आपण गेली. लहानपणीच्या तिच्या सगळ्या सकाळी याच सुरांनी उजाडल्या होत्या.

ती वळली. मावशीने स्वेटर छातीशी धरला होता.

"तुझी ताई. पुरती तीन वर्षांचीसुद्धा नव्हती गं," मावशी म्हणाली.