शेवंताचा वेल

“भावजी, तेराव्याच्या आत वेल उपटा,” शेजारच्या अक्काताई म्हणाल्या. “मालकीण गेल्यावर तो दुसऱ्याचा होत नाही. उगाच झुरत बसतो.”

हवामानाचा भरवसा उरला नाही, तेव्हापासून घरोघरी हेच बियाणं होतं. लावणाऱ्या माणसाला वेल वासाने ओळखायचा. ते माणूस जाईल तिकडे पानं वळवायचा आणि त्याच्याच हातचं पाणी मिळालं तर ऊन, गारा, सगळं सोसायचा.

हणमंतरावांना उपटवेना. शेवंताला अजून शोधणारं घरात तेवढंच उरलं होतं. ते तिचा स्वेटर घालून पाणी घालू लागले. वेल फसला. कारली धरली.

तेराव्याला सुतक फिटलं म्हणून सुनेने घरातले सगळे कपडे धुतले, तो स्वेटरही. आता इलाज नव्हता. हणमंतराव गच्चीवर गेले आणि त्यांनी वेल बुडाशी धरला.

पानं हलली. वारा नव्हता. सगळी पानं त्यांच्या पाठीमागच्या दाराकडे वळली. मग हळूहळू नळाकडे. मग शेवंता बसायची त्या स्टुलाकडे, आणि तिथेच थांबली.

स्टूल रिकामं होतं.

हणमंतरावांनी वेल सोडला. झारी भरून स्टुलापाशी ठेवली.

“घाल तूच,” ते म्हणाले.