पुलियावरची पंचवीस मिनिटं

प्रफुल थूलचा गेटपास सिक्युरिटीच्या कदम साहेबांच्या टेबलावर पडला होता आणि त्याच्या बायकोनं नीट उत्तरं दिल्याशिवाय तो परत मिळणार नव्हता. हे साहेबांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. लष्कराच्या दारूगोळा डेपोत बावीस वर्षं स्टोअरकीपर असलेल्या माणसाचा पास काढून घेतला, तर त्यानं पुलगावात कुठे तोंड दाखवायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते प्रफुलला न सांगताच कळलं.

गुन्हा काय, तर माधवी वर्षभर पळाली. शाळेतली क्लार्क, चव्वेचाळीस वर्षांची, जन्मात कधी बस पकडायलाही न पळालेली ही बाई गेल्या कोजागिरीनंतर बूट घालून बाहेर पडली ती पडलीच. परवा वर्ष पूर्ण झालं म्हणून मोबाइलच्या अ‍ॅपने वर्षाचा नकाशा काढून दिला आणि हिनं तो कौतुकानं शाळेच्या ग्रुपवर टाकला. त्यात डेपोची बाहेरची भिंत लाल रेघेत जशीच्या तशी उमटली होती. नकाशा फिरत फिरत कदम साहेबांकडे आला. साताऱ्याकडचा माणूस, बोलायला गोड, पण सख्ख्या भावानं चहा दिला तरी आधी कपात वाकून बघणारा.

त्यांच्यापुढे वर्षाचे छापील कागद होते. तारीख, वेळ, अंतर, थांबे.

“मॅडम, तुमच्या घरापासून सहाशे मीटरवर नाल्यावरची ती छोटी पुलिया आहे. समोर आमची भिंत. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत तुम्ही रोज तिथं पंचवीस मिनिटं थांबलाय. काय करत होता?”

“बसत होती.”

“कुणासोबत?”

“एकटीच.”

प्रफुलनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. आतापर्यंत त्याला फक्त पासची काळजी होती. पंचवीस मिनिटं? रोज? त्याला तर ती पाच किलोमीटर पळून आल्याचं सांगायची. सकाळी दारातच तो विचारायचा, “झाले पाच?” आणि ती टॉवेल घेत म्हणायची, “झाले.” कॅन्टीनमध्ये बायकोचे ते पाच किलोमीटर ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

सकाळी पुलियावर कोण कोण असतं, याचा तो मनातल्या मनात शोध घेऊ लागला. दूधवाला कवडू. पेपरवाला. आणि माधवीच्या शाळेतले ते नवे मास्तर, तेही म्हणे फिरायला जातात. असला विचार करायची त्याला लाज वाटली, पण विचार काही थांबला नाही.

“नुसतं बसायला रोज पहाटे बूट घालून कोण जातं?” साहेब म्हणाले.

माधवीनं टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

“सांग ना,” प्रफुल म्हणाला. त्याचा आवाज साहेबांपेक्षा कडक निघाला. “कोन येत होतं तिथं?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. साहेबांच्या एकाही प्रश्नानं तिला इतकं लागलं नव्हतं.

“कोनी नाई येत होतं,” ती म्हणाली, आणि पुढचं सगळं साहेबांना सांगितलं. “मले पळताच येत नव्हतं साहेब. पुलियापर्यंतच जीव घशात येत होता. तिसऱ्या दिवशी यायनं दारात विचारलं, किती झालं. मी गमतीत म्हनलं, पाच. दुपारपर्यंत यायनं साऱ्या डेपोत सांगून टाकलं. मंग काय करू? पाच किलोमीटरले जेवढा टाइम लागते, तेवढा तं बाहेर काढाच लागे. थो मी पुलियावर काढत होती.”

प्रफुलचा जीव भांड्यात पडला. त्याच्या पाठोपाठ लाज आली, आणि ती काही केल्या जाईना.

कदम साहेबांचं मात्र समाधान झालं नाही. आपणहून खोटेपणा कबूल करणारा माणूस त्यांना आजवर कधी पटला नव्हता. त्यांनी पान उलटलं.

“बरं. मग हे काय? चार महिने रोज थांबलात, आणि सतरा फेब्रुवारीला पुलियावर थांबलाच नाहीत. तशाच पुढं गेलात. त्या दिवशी असं काय होतं?”

माधवीनं झटकन वर पाहिलं. या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला.

“तुमाले दिसलं ते, साहेब?”

“म्हणजे?”

“पुलिया आली अन् मले थांबाच नाई लागलं. पयली बार. रडून राह्यलती अन् पळून राह्यलती मी. घरी आली तं कोनाले तरी सांगावं वाटे. पन सांगू काय? घरच्यांसाठी तं मी चार महिन्यांपासून पाचच पळत होती.”

साहेबांनी पुढची पानं चाळली. मार्चमध्ये दोन किलोमीटर, मेमध्ये तीन, जुलैत पाच. नकाशा ग्रुपवरून काढून टाका आणि उद्यापासून दुसऱ्या रस्त्यानं पळा, असं सांगून त्यांनी पास प्रफुलकडे सरकवला.

प्रफुलनं तो उचलला नाही. तो सतरा फेब्रुवारीची सकाळ आठवून पाहत होता. त्याही दिवशी त्यानं दारात तेच विचारलं असणार, आणि तिनं तेच उत्तर दिलं असणार. त्याला काहीच आठवलं नाही.

“किती झालतं त्या दिवशी?” त्यानं विचारलं. “न थांबता?”

“दीड किलोमीटर,” माधवी म्हणाली.

“एक पॉइंट बावन्न,” कदम साहेबांनी कागदात बघून दुरुस्त केलं.