ल्युबोरचा फ्रीजर

आमच्या बोहेमियात बिअर थंडीतच आंबवतात. ल्युबोरनं त्यासाठी जुना आडवा फ्रीजर तळघरात ठेवला होता, पण रोज दुपारी आतली थंडी कमी व्हायची. त्यानं झाकणाचं रबर बदललं, थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर आतल्या बिअरच्या पिंपाला नीट चिकटवला. फरक शून्य.

एका दुपारी तो लवकर घरी आला. फ्रीजरचं झाकण उघडं होतं. आत सावकाश बुडबुडे फुटत होते आणि आई काठावर रेलून, डोळे मिटून उभी होती.

"आई?"

"माझे बाबा ब्रुअरीतून घरी आले ना, की त्यांच्या कोटाला अस्साच वास यायचा."

पुढच्या पिंपात त्यानं उबेत आंबणारं यीस्ट घातलं.

"उबेतली बिअर? लाज सोडलीस की काय?" शेजारचा ओल्ड्रिख म्हणाला.

"काय करणार, फ्रीजरच बिघडलाय," म्हणत ल्युबोर आईची आरामखुर्ची घेऊन तळघरात उतरला.