चिंतूच्या हातचं पाणी

चिंतूनं तांब्या उचलला आणि सगळं पटांगण चिडीचूप झालं.

त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. मधली तीन बोटं बुडापासून गेलेली. त्या दोन बोटांच्या बेचक्यात तांब्याचा गळा धरून, खालून डाव्या हाताचा टेकू देऊन त्यानं पेल्यात पाणी ओतलं. नर्मदाताईंनी पेला घेतला, चारी बाजूंना फिरवून दाखवला आणि घोट घोट करत शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

सालवडच्या शाळेत त्या दिवशी तारापूरच्या बांधकामावरची घाटावरची माणसं आली होती, आसपासच्या पाड्यांवरचीही आली होती. मागून कुणी बाई म्हणाली, "अगं माय, प्याली की खरंच!" आणि टाळ्या पडल्या त्या थांबेचनात.

"महारोग म्हणू नका, कुष्ठरोग म्हणा," ताई म्हणाल्या. "गोळ्यांनी बरा होतो तो. आता मी ह्याच्या हातचं प्यायले. झालं का मला काही?"

एवढ्यात काय होणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

चिंतू मान खाली घालून उभा होता. काहीच बोलायचं नाही, असं ताईंनी त्याला बजावलं होतं. "लाजाळू आहे बिचारा," त्यांनी लोकांना सांगितलं. लोक हळहळले. पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोकडे, जिवलीकडे, ताईंचं लक्ष गेलं नाही. ती टाळ्या वाजवत नव्हती.

ह्या कार्यक्रमासाठी ताईंनी महिनाभर पायपीट केली होती. गावाबाहेरच्या रोग्यांच्या झोपड्यांवर त्या दोनदा गेल्या. दुरूनच बघून परतल्या. मनासारखं माणूस काही मिळेना. शेवटी बोईसरच्या बाजारात चिंतू दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

गर्दी पांगली तशी कुंपणापलीकडे उभी असलेली मैनाबाई पुढे आली. झोपड्यांतलीच ती. तोंडावर पदर, पदराखाली दोन ताडगोळे.

"बाई, धा वरसांत आमच्याबद्दल असं कुनी बोललं नाय. माज्या हातचं येवढं खावा."

"घसा बसलाय गं बोलून बोलून," ताई म्हणाल्या. "गार चालायचं नाही. हिराकडे दे हो, घरी जाऊन खाते."

मैनाबाईचे डोळे भरून आले. हिरा ताईंकडे घरकामाला होती. तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं, ताडगोळे आत पडले. रेल्वेच्या फाटकापाशी जीप थांबली तेव्हा ताईंनी पिशवीकडे नुसतं पाहिलं. हिरानं ताडगोळे पिशवीसकट बाहेर टाकले.

तीन आठवड्यांनी चिंतू पालघरला ताईंच्या ओटीवर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, पाय धुळीनं माखलेले.

"बस रे, वर बस. हिरा, चहा आण. आपल्या कपातून आण हो, करवंटी शोधू नकोस."

हिराचे डोळे विस्फारले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आळीभर होणार होती. ताईंना ते ठाऊक होतं.

"बाई, जिवली गेली बापाकडं," चिंतू म्हणाला.

"का रे?"

"म्हनते, दोन वरसं खोटं बोलला माज्याशी. पोटुशी हाय ती. पोराचं तोंड बी दाखवायची नाय म्हनते."

"अरेरे."

"सासऱ्याच्या पाया पडलो. तो म्हनतो, येवढी शिकलेली बाई बोलली, आता तुजं काय ऐकू? विहिरीवर बी चढू देत नाय."

"अडाणी आहेत रे लोक. म्हणून तर हे काम करायला लागतं आपल्याला."

"आनि ती नोकरी? दवाखान्यात शिपाई लावते म्हनला होता तुमी."

"मी शब्द टाकला होता," ताई म्हणाल्या. "पण डॉक्टर म्हणतात, तुला दारात बघून पेशंट पळतील. मी भांडले हो त्यांच्याशी."

चिंतूनं चहाचा घोट घेतला. ताईंना त्याच्याकडे बघून भडभडून आलं. त्यांनी तिथल्या तिथे कागद घेतला आणि झरझर चिठ्ठी लिहिली.

"हे घे. डोंगरापलीकडे आश्रम आहे. दोन वेळचं जेवण, कपडे, झोपायला खाट. सगळे तुझ्यासारखेच तिथं, कुणी कुणाला हिणवत नाही. आणि रविवारी माहीमला सभा आहे, पुढल्या रविवारी सफाळ्याला. जीप तुला न्यायला येईल."

अंगठा आणि करंगळीत त्यानं तो कागद धरला. उलटा धरला होता.

"काय लिवलंय?"

"ह्या कुष्ठरोग्याला ठेवून घ्यावं, असं."

चिंतूनं तो कागद घडी न करता ओटीवर ठेवला आणि उडू नये म्हणून वर कप ठेवला.

"मला आश्रम नको, बाई. माज्याबरूबर पाड्यावर चला. जिवलीसमोर एकदाच सांगा."

"सांगितलंच की रे! चारशे माणसांसमोर सांगितलं."

"तसं नाय. वसईच्या खाणीत, खडीच्या मशिनीत बोटं गेली, तसं सांगा. 'रोगबीग नाय ना रे तुला?' म्हून बाजारात तुमीच तर इचारलं होतं. मी नाय म्हनलो, तवाच तर माज्या हातचं पानी प्यायला तयार झालात तुमी."