गरम ठेवलेली माणसं

कंपनीवाल्यांनो, तुम्ही भित्रे आहात. माणसाला कामावरून काढताना तुम्हाला दोन ओळी पुरतात, पण 'नको' म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. मग वर बसून तुम्ही एखाद्या पोरीला पुढे करता आणि तिच्या तोंडून समोरच्याला झुलवत ठेवता. ताकास तूर लागू देत नाही.

अशीच झुलवलेली एक बाई, देवश्री, महादेवपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात मोबाइल समोर ठेवून बसली होती. एका आयटी कंपनीतल्या मुलाखतीची शेवटची फेरी होऊन बारा दिवस झाले होते. दुपारचे साडेचार वाजले होते आणि पाच वाजता तिला पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या गुरुप्रसादला उत्तर द्यायचं होतं.

गुरुप्रसादचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गिअर बनवायचा छोटा कारखाना. कामगारांची भरती आणि हजेरी बघायला त्याला माणूस हवा होता. मोडक्या हिंदीत, मध्येमध्ये कन्नडातलं 'सरी ना', म्हणजे 'बरोबर ना', घालत, त्यानं सरळ सांगून टाकलं होतं: पाचपर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. आणि येणार असाल तर उद्या सकाळी मूळ सर्टिफिकेटं घेऊन या, वर्षभर ती माझ्या कपाटात राहतील. म्हणजे आज हो म्हणून पुढच्या आठवड्यात सटकायची सोय नव्हती. आत गेलं की वर्षभर आत.

इकडे त्या आयटी कंपनीकडून दुपारी एक ओळ आली होती. 'मॅम, तुम्ही सध्या अजून कुठे बोलताय का?'

पाठवणारी सिद्धी. त्या कंपनीसाठी माणसं निवडते. आधीच्या नोकरीत ती तीन वर्षं देवश्रीच्याच हाताखाली होती, म्हणून अजून मॅम म्हणते. माणसं निवडणं हाच देवश्रीचाही धंदा. मार्चमध्ये तिचा अख्खा विभाग बंद झाला तोपर्यंत.

शेजारच्या खुर्चीत नवरा सुहास ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला, मेसेज वाचला आणि निकाल देऊन टाकला. तू हातची जाशील म्हणून ते घाबरलेत, उद्या नोकरीचं लेटर येतंय बघ. ती पुन्हा मेसेजच वाचतेय म्हटल्यावर त्यानं टोमणा मारला.

"बारा वर्षं लोकांना हेच मेसेज पाठवलेस, आणि स्वतःला आलेला वाचता येईना?"

"तीच तर गोची आहे."

मग तिनं सांगितलं. हा प्रश्न दोघांना विचारतात. पहिल्या नंबरच्या माणसाला लेटर द्यायच्या आदल्या दिवशी, तो निसटू नये म्हणून. आणि दुसऱ्या नंबरच्या माणसाला, पहिल्याला लेटर गेल्यानंतर, तो अजून वाट बघत बसलाय का हे चाचपायला. पहिल्या नंबरचे लोक कधीकधी हो म्हणून ऐन वेळी येतच नाहीत, त्यामुळे तोवर दुसरा आशेवर, 'गरम' ठेवायचा. शब्द दोघांना तेच. काना-मात्रेचाही फरक नाही, म्हणजे कोण कितवा हे कुणालाच कळू नये.

"भारी डोकं आहे. कुणाचं?"

"माझं."

सुहास हसला. मग तिच्याकडे बघून त्यानं हेडफोन पुन्हा कानावर ओढला.

पाचला वीस मिनिटं कमी असताना तिनं सिद्धीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा सिद्धीनं उचलला आणि सुरुवात केली. फीडबॅक छान आहे, पॅनेल खूश आहे, अप्रूव्हल फक्त वर अडकलंय. देवश्रीला प्रत्येक पुढचा शब्द आधीच ठाऊक होता. ती मनात फरशा टाकत होती आणि सिद्धी त्यांवर पाय ठेवत येत होती.

"सिद्धी, थांब. मी पहिली की दुसरी?"

पलीकडे जिन्याचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

"मला असं नाही सांगता येत, मॅम."

देवश्रीनं पाचचं सांगितलं, कारखान्याचं सांगितलं, कपाटाचंही सांगितलं. दुसरी असेन तर दुसरी म्हण, मी राग धरणार नाही, असंही म्हणाली. सिद्धी चाचरत म्हणाली की माझं प्रोबेशन अजून संपलेलं नाही. तुम्ही आता दुसरीकडे गेलात तर वरचे आधी मलाच विचारणार, हिला नंबर कळला कसा.

मोबाइल कानाशी टुणटुणला. गुरुप्रसाद. दहा मिनिटं आधीच.

"अगं, त्याचा फोन येतोय. एक शब्द सांग, बास."

"मॅम." सिद्धीचा आवाज एकदम खाली आला. "तुमच्याकडे पहिल्याच वर्षी मी एका माणसाला तो दुसरा आहे हे खरं सांगून टाकलं होतं. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून. तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. काय म्हणालात, आठवतंय?"

देवश्रीला आठवत होतं. शब्दन् शब्द. नंबर कुणालाही सांगायचा नाही, समोर कुणीही असो.

"मी अजून तेच पाळते, मॅम," सिद्धी म्हणाली. "आता तुम्हीच सांगा. मोडू का?"