ठिणग्याची साक्ष

समुपदेशक मंगरुळकरबाईंनी टॅब्लेट टेबलावर उभा केला. समोर आई-वडिलांच्या मध्ये बसलेल्या सात वर्षांच्या मिहिकाने गेममध्ये पाळलेला आगभुंगा, ठिणग्या, पडद्यावर ज्वाळा सोडत बागडत होता. हे गेममधले राक्षस वाढवणाऱ्या मुलाचंच वागणं उचलतात, म्हणून घटस्फोटात मुलाचा ताबा ठरवताना हल्ली आधी त्यांनाच तपासत.

"आधी वडिलांनी हाक मारावी," बाई म्हणाल्या.

"काय रे ठिणग्या, आज माझी मिशी जाळणार का?" केदार म्हणाला. भुंग्याने खूश होऊन केवढा तरी जाळ काढला.

"आता आईने."

शर्वरी निर्धास्त होती. डबे, अभ्यास, तापातली जागरणं, सगळं तिनेच तर केलं होतं. "ठिणगू, ये रे राजा," ती म्हणाली.

ठिणग्याने जाळ गिळला, पंख मिटले आणि तो दगडामागे जाऊन बसला.

बाई लिहू लागल्या.

"अहो, असं नका लिहू," मिहिका घाईघाईने म्हणाली. "तो आईला घाबरत नाही काही. ती ऑफिसातून दमून येते ना, तेव्हा आम्ही दोघं असेच बसतो. अजिबात आवाज करत नाही. मग ती रडत नाही."